ऐंशीतले दोन दिवस

फोन आला तेव्हा मी शेताच्या बांधावर, आमच्या भाषेत धुऱ्यावर, उभी होते. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात फोन, आणि समोरच्या पाण्यानं भरलेल्या बांधीत बारा-तेरा बाया ओणव्यानं धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करत होत्या. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं सिलेक्शन झालंय. एक तारखेला जॉइन व्हा." मी अशी काही ओरडले की सगळ्या बाया एकदम ताठ उभ्या राहिल्या. साप निघाला असंच त्यांना वाटलं.

"काय झालं वो?"

"नोकरी लागली!"

"लागेलच होती ना तुमची?" एक जण म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली.

खरं होतं तिचं, नोकरी मला आधीच होती. मोहाडीत एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीन वर्षं टेक्निशियन होते. मालक, मी आणि झाडलोट करणारी एक बाई, एवढाच पसारा. मालक माणूस चांगला. पण घरात पाळणा हलणार हे त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते मनापासून म्हणाले, "घे ना सुट्टी. महिनाभर पुरेल ना?" महिनाभर, आणि तीही बिनपगारी. यात त्यांचा दोष काढता येत नव्हता. बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कायदा दहा माणसं कामाला असतील तिथून सुरू होतो, आणि आम्ही मोजून तीन.

आणि आता भंडाऱ्याच्या एका मोठ्या खासगी दवाखान्याचा फोन! तिथे दीडशे माणसं कामाला. म्हणजे सव्वीस आठवडे रजा, भरपगारी. मुलाखत दिली तेव्हा मला दिवस गेल्याचं माझं मलाच माहीत नव्हतं. नंतर कळलं, तर सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर कुणाला सांगत नाहीत. तो नुकताच सरला, तेव्हाच मी मालकांना सांगितलं होतं. मी किटली खाली ठेवली आणि धुऱ्यावरच उड्या मारल्या. सासूबाईंनी लांबून हात जोडले, माझ्यापुढे की देवापुढे ते कळलं नाही.

पण एक तारखेला मी गेले नाही. रोवणा अर्धा राहिला होता, बाया मिळत नव्हत्या, आणि ज्या मिळाल्या होत्या त्यांचा चहा, जेवण, पान-सुपारी सगळं माझ्याकडे होतं. सासूबाई म्हणाल्या, "रोवणा टाकून सून गेली म्हंतीन लोकं." मलाही ते पटलं. भर रोवण्यात घर सोडून जाणं म्हणजे लग्नातून जेवता जेवता उठून जाण्यासारखं. मी फोन करून दहा-बारा दिवस मागून घेतले. ते मिळालेही, अगदी सहज. दहा-बारा दिवसांनी काय बिघडतं, असं मी तेव्हा म्हणाले होते. आज कुणी असं म्हणालं की माझं डोकं सणकतं.

पंधरा ऑगस्टच्या आधीच्या सोमवारी मी जॉइन झाले. कागदपत्रं बघणाऱ्या ऑफिसातल्या मॅडम माझ्याच वयाच्या, चष्मेवाल्या आणि भलत्याच शिस्तीच्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मला चौथा महिना आहे आणि तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. लपवाछपवी मला जमत नाही, पोटात दुखतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं.

"रजा मिळेल. पण डिलिव्हरीच्या तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत आमच्याकडे ऐंशी दिवस भरलेले पाहिजेत. हजेरीचे."

"मोहाडीत तीन वर्षं भरली आहेत ना माझी!"

"ती मोहाडीतच राहिली. प्रत्येक ठिकाणी मोजणी पहिल्यापासून."

"आणि नाही भरले तर?"

"मग बिनपगारी. आणि बिनपगारीत नव्या माणसाला सहा महिने जागा राखून ठेवतील, असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही."

म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. ऐंशी भरले, तर सहा महिने बाळ माझ्याजवळ आणि नोकरीही शाबूत. नाही भरले, तर महिन्याच्या बाळाला घरी टाकून कामावर यायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. मी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. आरामात! मी मॅडमशी जोरात हात मिळवला. त्यांना ती सवय नसावी.

दुसऱ्या दिवसापासून मला त्या आकड्याचं वेडच लागलं. सकाळी मोहाडीची बस, भंडाऱ्याला उतरून दवाखान्यापर्यंत चालत, दारातल्या मशीनवर अंगठा. तो टीं असा आवाज आला की मी मनात म्हणायची, एक. दुसऱ्या दिवशी, दोन. रक्ताच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरायच्या आणि माझ्या डोक्यात दिवस. दसऱ्याला नव्या माणसाला ड्युटी लागते, सगळे हळहळले. मी म्हटलं, आणा! दिवाळीलाही आणा! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी लॅबमध्ये एकटी सीबीसी लावत बसले होते, आणि माझ्याइतकी खुशीत असलेली बाई त्या दिवशी भंडाऱ्यात दुसरी नसेल. मध्ये चार दिवस तापानं पाडलं. तापाचा त्रास राहिला बाजूला, चार दिवस बुडाले म्हणून मी उशीवर मुठी आपटल्या. नवरा म्हणाला, "काहून एवढी तणतण करून राहिली? चार दिवसानं काय होते?" त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाऊबीजेला भाऊ न्यायला आला. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला माहेरी नेतात, तो मुहूर्त सासूबाईंनी आधीच पक्का केला होता. ओटी आणि प्रवास धरून तीन दिवस गेले, पण मी कुरकुर केली नाही. कारण माझं माहेर कारध्याचं. भंडाऱ्याच्या समोरच, मध्ये फक्त वैनगंगा. मोहाडीच्या बसमध्ये उभ्यानं धक्के खाण्यापेक्षा कारध्याहून ऑटोनं पूल ओलांडला की दवाखाना. सोळा दिवस राहिले होते. माझ्या दृष्टीनं गड सर झाला होता.

माझ्या दृष्टीनं.

"कामावर? कोन जाते कामावर?" आईनं पहिल्याच सकाळी माझा डबा हातातून काढून घेतला.

"मी जाते. सोळा दिवस उरले, आई."

"दोन जिवाची बाई नदी वलांडत नाही. तुले येथी आनलं तवा मी वैनगंगेची ओटी भरून, तिले विचारून आनलं. आता लेकरू झाल्यावरच."

मी कपाळावर हात मारला. दीडशे माणसांचा दवाखाना, कायदा, कॅलेंडर, मशीन, हे सगळं मी जुळवून आणलं होतं, आणि आडवी आली ती नदी. मी समजावलं. मग चिडले. मग रडलेही, थोडं खरं, थोडं मुद्दाम. आईचं एकच पालुपद. शेवटी मी तिला कॅलेंडर दाखवून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: हे सोळा दिवस नदी ओलांडली तर सहा महिने घरी, नाही ओलांडली तर महिन्यानं कामावर.

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठली, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले, पदराच्या टोकाला बांधले आणि चपला घातल्या.

"चाल."

"कुठे?"

"तुह्यासंगं. रोज इचारत जाऊ तिले. दुसरं काय करतं?"

आणि खरंच, त्या दिवसापासून आई रोज माझ्यासोबत. ऑटो पुलाच्या मध्यावर आला की ती ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारायची, "थांब बाप्पा." खाली उतरून कठड्यावरून चार दाणे पाण्यात सोडायची, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची आणि परत येऊन बसायची. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. पहिल्या दिवशी मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी ऑटोतल्या इतर बायाही हात जोडायला लागल्या. आठव्या दिवशी आई विसरली, तर ड्रायव्हरनंच ऑटो थांबवला.

दिवसभर ती दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून राहायची. घरी जाऊन पुन्हा यायचं म्हणजे तिच्या हिशेबानं नदीला उगाच दोनदा जास्त त्रास. सोबत सुपात डाळ नाहीतर तांदूळ निवडायला. आठवड्याभरात वॉचमन, आया, कँटीनवाला, सगळे तिच्या ओळखीचे झाले. मला दवाखान्यात कोण कुणाचं कोण हे तिच्याकडून कळायला लागलं. संध्याकाळी मी अंगठा लावून बाहेर आले की ती विचारायची, "आज किती?" मी सांगायची, एकाहत्तर. बाहत्तर. ती मान हलवायची, जणू धानाची पोती मोजत होतो. हळूहळू मला कळलं की तिलाही ते वेड चढलं आहे. पंचाहत्तर झाले त्या दिवशी तिनं कँटीनमधून स्वतः दोन समोसे आणले आणि दोन्ही मलाच खायला लावले.

अठ्ठ्याहत्तर झाले त्या संध्याकाळी माझी तपासणी होती, आमच्याच दवाखान्यात. दोन दिवसांपासून पाय सुजले होते, चप्पल जात नव्हती. मी ते कुणाला बोलले नव्हते. डॉक्टर मॅडमनी बीपीचा पट्टा एकदा गुंडाळला, मग पुन्हा गुंडाळला. माझ्याच लॅबमधून लघवीचा रिपोर्ट आला, प्रोटीन वाढलेलं. तो कागद वाचायला मला डॉक्टरची गरज नव्हती.

"उद्यापासून पूर्ण आराम," डॉक्टर म्हणाल्या. "प्रवास बंद, ड्युटी बंद."

"दोन दिवस, मॅडम. फक्त दोन. खुर्चीवर बसून राहीन."

"नाही."

"अंगठा लावून घरी जाईन!"

"मी काय सांगते ते ऐकू येतंय का?" त्या पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. "हे दोन दिवस तुला महागात पडतील. बाळालाही."

त्यानंतर मी वाद घातला नाही. पण व्हरांड्यातून ऑफिसकडे जाताना माझ्या डोळ्यांपुढे तो रोवणा उभा राहिला, ती किटली, आणि मी हसत हसत मागून घेतलेले ते दहा-बारा दिवस. अगदी दोनच दिवस मी आधी आले असते! मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं. आई मागून सूप सावरत येत होती, तिला अजून काही माहीत नव्हतं. ऑफिसच्या दारात मी सांगितलं तेव्हा तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांतला राग मला लहानपणापासून ओळखीचा.

"पाय सुजले आन् मले सांगतलं नाही?"

"आई, आता नको."

ऑफिसातल्या मॅडमनी मशीनचा हिशेब काढला. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तो दोनदा काढला, कारण त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "माझ्या हातात असतं तर," त्या म्हणाल्या, आणि हिशेबाचा कागद बाजूला सरकवला. मी खुर्चीत बसून राहिले. रडू आलं नाही.

आई उभीच होती. तिला खुर्ची दिली तरी ती ऑफिसात बसत नाही.

"बाई," ती मॅडमला म्हणाली, "एक इचारू का? पंधरा ऑगस्टले इची सुट्टी होती ना?"

"हो. सगळ्यांनाच होती."

"कापला का तो दिवस पगारातून?"

"नाही, ती भरपगारी सुट्टी असते. पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर."

"मंग ते दिवस कोनाचे?"

मॅडमना कळलं नाही. मलाही कळलं नाही, मी म्हटलं, "आई, राहू दे." पण ती थांबणारी नव्हती.

"माहा बाप सालदार होता," ती म्हणाली. सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठरवून ठेवलेला शेतगडी, हे मॅडमना माहीत असावं, त्यांनी मान हलवली. "पोळ्याच्या दिवशी बैलबी जुपत नाही आन् मानूसबी. तरी सालदाराचा पोळा सालात धरते. त्याचे तीनशे पासष्ट दिवस मोजते तवा पोळा सोडून मोजत नाही. एका मालकानं सोडून मोजला, त माह्या बापानं पंचायत बलावली होती. सुट्टी त्यानं मांगली नोती. देनाऱ्यानं देल्ली. मंग तो दिवस कामाचाच झाला का नाही?"

 मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. मी उठून टेबलाच्या त्यांच्या बाजूला गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. त्या बोट फिरवत होत्या. मीही त्या बोटाबरोबर वाचत होते. ऐंशी दिवसांचं कलम. त्याखाली बारीक अक्षरात एक स्पष्टीकरण. कायद्यानं दिलेल्या भरपगारी सुट्टीचे दिवस, काम केलेल्या दिवसांत धरावेत.

मॅडमचं बोट तिथेच थांबलं.

"अठ्ठ्याहत्तर," त्या हळूच म्हणाल्या, "आणि दोन."

मी किंचाळले. धुऱ्यावर किंचाळले होते तशीच, बहुतेक जास्त जोरात, कारण बाजूच्या खोलीतून दोन जण धावत आले. मॅडमनी माझे दोन्ही हात धरून मला खुर्चीत बसवलं, "बीपी, बीपी!" म्हणत, आणि स्वतःच हसायला लागल्या. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, कलमाचा नंबर सांगितला, दोनदा "हो सर" म्हणाल्या, आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. रजा सुरू होईपर्यंतचे मधले थोडे दिवस बिनपगारी जातील म्हणाल्या. जाऊ देत! मी सही केली ती इतकी वाकडी आली की बँकेनं ती कधीच मान्य केली नसती. मॅडम आईला म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं मी हे काम करते, हे स्पष्टीकरण कधी वाचलंच नव्हतं." आई म्हणाली, "तुमी कायले वाचान? तुमचा पोळा कोनी कापला नाही."

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ऑटोला वेळ होता म्हणून आम्ही बाकावर टेकलो. मी एकटीच बोलत होते, आता काय काय करायचं, बाळाला काय काय. आई माझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळत होती.

"सव्वीस हप्ते म्हंजे किती?" तिनं मध्येच विचारलं.

"सहा महिने."

"घरीच? लेकरापाशी?"

"हो. तुला काहीच नसेल ना गं मिळालं माझ्या वेळी?"

"काहून नाही? भेटले ना. आठ दिवस." ती हसली. "तू झाली तवा रोवणा चालू होता. पाचव्या दिवशी मी जानारच होती, त झड लागली. आठ दिवस पानी. साऱ्या बांद्या पान्याखाली, कोनी कामाले बलावलं नाही."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. इतका वेळ न आलेलं रडू तेव्हा आलं.

"रडते कायले?" आई म्हणाली. "मंग त मी अंधारात कामाले जावो आन् अंधारात येवो. तेवढ्या आठ दिवसांतच मी तुले उजेडात पाह्यलं. तू सहा महिने पाह्यजो."